किलोच्या भावाने

जुन्या मशीनचा भाव करायला गेले की मी आधी मालकाचा चेहरा बघते, मग मशीन. मशीनला वेळ लागत नाही. मालकाला किती निकड आहे ते मात्र हळूहळू कळतं, आणि ते कळलं की अर्धा भाव तिथेच ठरतो. स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांच्या थकलेल्या एक्सपोजिंग मशीन घ्यायच्या, त्यांत नव्या लाइट बसवायच्या आणि विकायच्या, हा माझा धंदा. बनारसमध्ये लग्नपत्रिका, साड्यांचे डबे, मिठाईची खोकी छापणारे गल्लोगल्ली आहेत आणि त्यातले बरेचसे कधी ना कधी माझ्या मैदागिनच्या दुकानात येतात. मी दयाळू आहे असं त्यांच्यातलं कोणी म्हणणार नाही.

ही मशीन म्हणजे टेबलाएवढी पेटी. वर जाड काच, आत नळ्या, काचेवर रबराचं झाकण. जाळीच्या फ्रेमला रसायन फासून अंधारात वाळवायचं, अक्षरांची फिल्म मध्ये घालून फ्रेम काचेवर ठेवायची आणि खालून उजेड द्यायचा. उजेड लागेल तिथलं रसायन घट्ट होतं, काळ्या अक्षरांखालचं कच्चं राहतं आणि पाण्याने धुऊन जातं. उजेड कमी पडला तर राहायला हवं तेही धुऊन जातं. सगळी कला त्या काही मिनिटांत आहे.

हे मला भाऊजींनी शिकवलं. भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. ब्रह्माघाटावर, बनारसच्या मराठी वस्तीत, सासऱ्यांनी तळमजल्यावर छापखाना घातला होता, तो दोघे भाऊ चालवत. माझे यजमान गेले तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते. तेरा दिवस झाले आणि वाटणीला चार वडीलधारे बसले. भाऊजींनी कोपऱ्यातल्या जुन्या मर्क्युरी दिव्याच्या मशीनवर हात ठेवला आणि म्हणाले, "ही एकटी अर्ध्या छापखान्याची आहे. ही हिला द्या." सगळ्यांनी माना डोलावल्या. खोलीत त्या दिवशी फार उदबत्त्या लावल्या होत्या. वेगळ्या बिऱ्हाडी आणून मी मशीन उघडली तेव्हा कळलं की उदबत्त्या दिव्याच्या जळक्या चोकचा वास मारायला होत्या. दिवा गेलेला, काच कोपऱ्यात तडकलेली. ते रोज त्या मशीनवर काम करत होते, त्यांना माहीत नव्हतं असं होऊच शकत नाही.

ती मशीन मी स्वतः खोलली, बोटं भाजून घेतली, दुरुस्त केली आणि विकली. तिथून धंदा सुरू झाला. नात्यातल्या बायका म्हणतात, एका अर्थी दिरांमुळेच तू उभी राहिलीस. हे ऐकलं की अजून माझं डोकं फिरतं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर भाऊजींचा फोन आला. जाऊबाई जाऊन तीन वर्षं झाली होती, मूलबाळ नाही, वय पंचाहत्तर. कामं एकेक करून सुटली होती. चौकातल्या एका साडीवाल्याच्या कापडी पिशव्या तेवढ्या दर महिन्याला छापायला येत, त्यावर त्यांचं घर चालत होतं. साडीवाला आता म्हणत होता की अक्षरं फुटतात, पुढच्या खेपेला नीट आली नाहीत तर काम दुसऱ्याला देईन.

"तू येऊन बघ जरा," भाऊजी म्हणाले. "ठीक करवून घेऊ का विकून टाकू, ते सांग. तू म्हणशील तसं करू."

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. उशीर करावा असं वाटलं नाही.

यजमान असताना घेतलेली ट्यूबची मशीन होती. झाकणाचं रबर शाबूत, हवा ओढणारा पंप ठीक, चौकट अँगलची, काच तर अशी की आता तेवढी जाड कोणी घालत नाही. फक्त नळ्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. नळ्या काढून एलईडीच्या पट्ट्या घातल्या तर दोन दिवसांचं काम होतं आणि मशीन पुढची दहा वर्षं चालली असती. हे मला उभ्या उभ्या दिसलं.

"एक फ्रेम मारून दाखवा," म्हटलं.

टायमर भाऊजींनी कुठल्याच मशीनला कधी लावला नव्हता. वैदिकांचं घर. लाइट लावायची, घरातलं रोजचं स्तोत्र म्हणायला घ्यायचं आणि संपलं की लाइट बंद करायची, ही त्यांची रीत. नळ्या नव्या होत्या तेव्हा फलश्रुती सोडून काम भागायचं. नळ्या मंदावल्या तशी फलश्रुती आली, मग तेवढ्यानेही भागेना म्हणून वर पुन्हा अर्धं स्तोत्र, हे त्यांनीच त्या सकाळी सांगितलं. फ्रेमेवर फ्रेम मारणाऱ्या माणसाच्या पदरी इतक्या वर्षांत किती पुण्य पडलं असेल. छापखाना एकत्र होता तेव्हाही मला हसू यायचं, पण खरं सांगायचं तर त्यांची वेळ घड्याळापेक्षा पक्की असे. एक अक्षर इकडचं तिकडे होत नसे, गती बदलत नसे, आणि मध्ये कोणी बोललेलं त्यांना चालत नसे. मी नवी सून असताना एकदा मध्येच चहा विचारला, तर फ्रेम वाया गेली म्हणून त्यांनी मला साऱ्या घरासमोर उभं करून फाडून खाल्लं होतं.

त्यांनी फ्रेम ठेवली, झाकण बंद केलं, लाइट लावली, डोळे मिटले. आवाज थकला होता, दोन दात गेल्यामुळे सकारातून वारा जायचा, पण गती तीच होती. मी भिंतीकडे बघत उभी होते. फलश्रुती सुरू झाली तशी मी अगदी साध्या आवाजात विचारलं, "भाऊजी, इथे ह्यांचा फोटो होता तो काढला का?"

त्यांनी डोळे न उघडता हात हलवला, थांब म्हणून. पण स्तोत्र अडखळलं. एक ओळ त्यांनी दोनदा म्हटली, मग पुढची काही केल्या आठवेना. ओठ हलत राहिले. मग भलतीच, पार शेवटची ओळ त्यांच्या तोंडातून आली आणि सवयीने त्यांनी बटण बंद केलं. पुढचं अर्धं स्तोत्र राहूनच गेलं.

हे मी मुद्दाम केलं. चुकून बोलले असं मला आजही म्हणायचं नाही.

मोरीत फ्रेम धुताना अक्षरांच्या पोटातलं राहायला हवं ते रसायनही पाण्याबरोबर निघून गेलं. 'व' आणि 'ब' सारखेच दिसायला लागले. भाऊजी फ्रेम उजेडाकडे धरून कितीतरी वेळ बघत होते.

"माझंच चुकलं का काही?" त्यांनी विचारलं.

"तुमचं नाही. काचेचं आहे," मी म्हटलं. "काच म्हातारी झाली. इतकी वर्षं खालून उजेड खाऊन खाऊन आता पुढे सोडत नाही. नळ्या बदलल्या तरी तेच होणार."

काच म्हातारी होत नाही. ज्याने जन्मभर हे काम केलं त्याला हे समजायला हवं होतं. पण जे सांगितलं ते मराठीत, घरच्या माणसाने, आणि स्वतःवरचा त्यांचा विश्वास दहा मिनिटांपूर्वी मीच मोडला होता. त्यांनी काचेवरून तळवा फिरवला आणि मान हलवली.

"मग किती येतील?"

"चालू मशीन म्हणून कोणी घेणार नाही," मी म्हटलं. "लोखंड म्हणून जाईल. किलोच्या भावाने घेते."

दुसऱ्या कोणाची मशीन असती तर एवढं खाली मीसुद्धा गेले नसते. भाऊजी हो म्हणाले. पिशव्यांचं काय, हा एकच प्रश्न त्यांनी विचारला, तोही खाली बघून. फ्रेमा माझ्याकडे आणा, मी मारून देईन, असं मी म्हटलं. त्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आपलं माणूस म्हणून खरं बोललीस," ते म्हणाले. "बाजारातल्याने लुटलं असतं." मला तेव्हा फार बरं वाटलं. लाज नंतरही फारशी वाटली नाही, एक प्रकारचा कंटाळा आला.

मशीन दुकानात आणून मी पट्ट्या बसवल्या, आकडे दाखवणारा टायमर लावला, निळा रंग दिला. चाळीस सेकंदांत फ्रेम तयार व्हायला लागली. इतकी चोख निघाली की विकावीशी वाटेना. ती मी मागच्या खोलीत कामाला ठेवली आणि लोकांच्या फ्रेमा मारून द्यायला सुरुवात केली.

भाऊजी महिन्याला येत. जुनी छत्री उसवून शिवलेल्या काळ्या फडक्यात फ्रेमा गुंडाळलेल्या असत, वाटेत उजेड लागू नये म्हणून. मी त्या आत नेऊन मारून आणत असे, ते बाहेर स्टुलावर बसत. पैसे मी घेत नव्हते. साडीवाला खूश झाला होता, काम टिकलं होतं. भाऊजी जरा सावरलेही. येताना ब्रह्माघाटाच्या बातम्या आणत. कुणाची मुंज, कुणाचा मुलगा पुण्याला गेला, असं काहीबाही. माझी मुलं माझ्याशी हिंदीतच बोलतात, त्यामुळे महिन्यातला तेवढा अर्धा तास मी मराठी बोलत होते, आणि मला त्याची सवय लागत होती हे खरं आहे.

फाल्गुनात ते आले तेव्हा माझ्यापुढे मिर्झापूरचं एक गिऱ्हाईक बसलं होतं, भावावरून चिकटलेलं. "तुम्हीच मारून घ्या ना भाऊजी, आत जा," मी म्हटलं. घाईत म्हटलं, विचार न करता.

दारातून मला ते दिसत होते. त्या मशीनच्या झाकणाची बिजागरी पहिल्यापासून वाकडी आहे. नुसतं उचललं तर ते उघडत नाही, खालून डाव्या गुडघ्याने टेकू द्यावा लागतो. माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला ते सांगावं लागतं. भाऊजींनी फ्रेम एका हातात धरली, दुसरा हात झाकणाला लावला आणि त्यांचा गुडघा आपोआप पुढे गेला. झाकण उघडलं. मग ते तसेच उभे राहिले, गुडघा पेटीला लावलेला.

त्यांनी फ्रेम मारली, धुतली, वाळवली. बाहेर आले तेव्हा गिऱ्हाईक गेलं होतं. फडकं नीट घडी घालून ते म्हणाले, "कितना हुआ आपका?"

मी म्हटलं, "काय हे भाऊजी. तुमच्याकडून कधी घेतलेत का?"

"नहीं, बताइए," ते म्हणाले. "दुकान है."

आमच्या घरांत बाजाराशी हिंदी आणि आपसांत मराठी, हे कोणी शिकवत नाही. चाळीस वर्षांत त्यांनी मला शिव्या दिल्या त्याही मराठीत, आणि 'तू' म्हणून. 'आप' मला त्यांच्याकडून पहिल्यांदाच आलं. त्यांनी रागावून बोलायला हवं होतं. मी तयार होते. उदबत्त्यांचं, चोकचं, सगळं माझ्या जिभेवर होतं. पण ते गिऱ्हाइकासारखे उभे होते आणि गिऱ्हाइकाला ह्यातलं काय सांगणार.

मी दर सांगितला. त्यांनी दिला.

मग मागच्या खोलीकडे न बघता त्यांनी विचारलं, "और यह मशीन? बेचेंगी तो कितने में देंगी?"

मी किंमत सांगितली. नव्या पट्ट्या, टायमर, चौकट, पंप, सगळं धरून बाजारात जी येते ती, एक रुपया कमी नाही, एक जास्त नाही. आयुष्यात इतका सरळ भाव मी कोणाला सांगितला नसेल. तेवढे पैसे त्यांच्याकडे नाहीत हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. कमी करावा असं मनात आलं होतं. मी केला नाही.

"सोचकर बताएँगे," ते म्हणाले, आणि फ्रेमा काखेत घेऊन पायऱ्या उतरले.

पुढच्या महिन्यात ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या महिन्यात साडीवाला स्वतःच विचारत विचारत दुकानात आला, एक जुनी पिशवी हातात घेऊन. अशीच अक्षरं हवीत, म्हातारबाबांनी काम सोडलं, त्या फ्रेमा मारत होतात ते तुम्हीच का, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं. पिशव्या आता मी छापते.