व्हिस्टुलेची ओटी

शारजात नदी नाही. सगळ्या अमिरातीतच नाही. कधी पाऊस झाला की डोंगरातल्या कोरड्या घळींतून थोडा वेळ पाणी धावतं आणि लोक गाड्या काढून ते बघायला जातात, जत्रेला जावं तसे. आमच्या अल मजाजच्या फ्लॅटच्या खिडकीतून खालिद लगून दिसतं. घर दाखवताना एजंटने त्याचं इतकं कौतुक केलं होतं की जणू ते भाड्यातच येणार होतं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी खिडकीतून खाली बघून निकाल दिला, "पाणी आहे, नदी नाही. हिला उगम कुठाय?"

त्यांचं माहेर-सासर दोन्ही वाईचं, कृष्णेच्या काठचं. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या. येण्याआधी पुतण्याचं लग्न झालं आणि रिवाजाप्रमाणे घरातल्या बायका नव्या नवरीला घेऊन नदीची ओटी भरायला घाटावर गेल्या. तबक सासूबाईंच्या हातात होतं. घरात ते कायम त्यांच्याच हातात असायचं, कारण बाकीच्यांना निम्म्या वस्तू आठवायच्या नाहीत. त्यांच्या थोरल्या जाऊबाईंनी सगळ्यांदेखत ते काढून घेतलं आणि म्हणाल्या, "आता तुझं काम नाही हे." ही गोष्ट सासूबाईंनी मला एकदाच सांगितली, भेंडी चिरताना. त्या दिवशीची भेंडी फार बारीक चिरली गेली. जाऊबाई पुढे वारल्या, पण नियम मागे ठेवून गेल्या. तेव्हापासून सासूबाई कुणाची ओटी भरत नाहीत आणि त्यांची कुणी भरत नाही.

ईदच्या सुट्टीत इथली निम्मी मराठी मंडळी जॉर्जियाला जातात आणि उरलेली अझरबैजानला. माझ्या नवऱ्याला काहीतरी वेगळं करायचं होतं, म्हणून त्याने पोलंडमधलं क्राकोव शोधून काढलं. एक्सेल शीट केली. त्यात कॅसल, म्युझियम, मिठाची खाण आणि 'आईला वॉशरूम' असे रकाने होते.

"मी कशाला? मी घर सांभाळते," सासूबाई म्हणाल्या.

"आई, कॅसल मस्त आहे. एकदम नदीच्या काठावर."

सासूबाईंनी चष्मा वर केला. "वाहती आहे?"

"वाहती म्हणजे? व्हिस्टुला आहे ती. त्यांची सगळ्यात मोठी नदी."

दुसऱ्याच दिवशी त्या मला रोल्लाच्या बाजारात घेऊन गेल्या. हिरवा खण, नारळ, हळकुंड, सुपारी, हळदीकुंकवाच्या पुड्या. नारळ त्यांनी कानाशी हलवून हलवून निवडला. दुकानदार शेवटी म्हणाला, "अम्मा, सब में पानी है, इन्शाल्ला."

घरी येताना टॅक्सीत त्या म्हणाल्या, "ओटी तू भरायचीस हं. तू सवाष्ण. मी नुसती बाजूला उभी राहीन."

माझा देवाधर्माशी संबंध मोदकापुरता. एरवी मी दोन वाक्यं ऐकवली असती. पण पिशवी त्यांनी मांडीवर अशी धरली होती की मला बोलवेना. मी हो म्हटलं. म्हटलं खरं, पण मनातून जाऊबाईंचा भयंकर राग आला. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, ही फार गैरसोय आहे.

जाताना विमानतळावर बॅग तपासणाऱ्याने आम्हाला बाजूला घेतलं. चपला असतात त्या बॅगेत नारळ ठेवायचा नाही, म्हणून सासूबाईंनी तो स्वतःच्या पर्समध्ये घातला होता. पडद्यावर तो गोल, काळा आणि अत्यंत गुन्हेगार दिसत होता.

"अम्मा, ये क्या है?"

"नारियल. नदी के लिए."

"कौनसी नदी?"

"पोलंड की."

त्याने सहकाऱ्याकडे बघितलं, मग आमच्याकडे बघितलं. नारळ केबिनमध्ये न्यायचा नाही, सामानात टाका, म्हणाला. नवरा पळत मागे गेला आणि लेकीच्या गुलाबी बॅगेत तो कोंबून आला. लेक बारा वर्षांची. ती आमच्यापासून लांब, जणू दुसऱ्याच कुटुंबाची असावी तशी उभी राहिली.

क्राकोव सुंदर आहे. सुंदर गावांना असतो तो दोष त्यालाही आहे, प्रत्येक दगडापुढे थांबून कुणीतरी माहिती सांगतं. मिठाच्या खाणीत भिंती मिठाच्या, मूर्ती मिठाच्या, झुंबरंसुद्धा मिठाची. माणसं तोंडं उघडी टाकून बघत होती. सासूबाईंनी भिंतीला बोट लावून चाखलं आणि म्हणाल्या, "लोणच्याला बरं पडेल." नवऱ्याने कॉफीची किंमत आधी दिरहमात नेली, मग रुपयांत, आणि तोवर कॉफी थंड झाली.

मोठ्या चौकात चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला एक माणूस तुतारी वाजवतो. धून छान रंगात येते आणि मध्येच तुटते. पुढे काही नाही, खिडकी बंद. लेकीने फोनवर वाचून आजीला समजावलं, "आजी, लाँग टाइम बॅक एनिमी आले ना, सो तो वॉर्निंग देत होता. अँड देन दे शॉट हिम. नेकमध्ये बाण. सो दे ऑल्वेज स्टॉप देअर."

"अजून तिथेच थांबतात?"

"येस. ट्रॅडिशन."

"वेडेच आहेत," सासूबाई म्हणाल्या. "बाण मारणारा मेला ना? मग आता तरी पुरी वाजवा म्हणावं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्या मात्र फुलवालीकडे निघाल्या होत्या. तिथे त्यांनी शुद्ध मराठीत घासाघीस करून पिवळी फुलं घेतली.

नदी एक्सेलमध्ये शेवटच्या दिवशी होती. कॅसलच्या टेकडीखाली एक ब्राँझचा ड्रॅगन आहे, तो मधूनमधून तोंडातून आग सोडतो. त्याची दंतकथा अशी, की कुणीतरी त्याला गंधक भरलेलं मेंढरू खायला घातलं, पोटात आग पडली म्हणून तो नदीचं पाणी पीत सुटला आणि फुटून मेला. "नदी पिऊन टाकायला निघाला होता होय? मग बरं झालं," म्हणून सासूबाई त्याच्याकडे न बघता पायऱ्या उतरल्या. नऊवारी नाही, साधीच साडी, वर नवऱ्याचं जाकीट आणि पायात लेकीचे जुने बूट.

नदी रुंद, हिरवट, संथ होती. सासूबाईंनी वाकून पाणी डोळ्यांना लावलं. मग हॉटेलातून उचललेल्या ताटलीत सगळं मांडलं, तांदळाची पुडी सोडली आणि ताटली माझ्यापुढे केली. "घे."

वरच्या पायरीवर नवरा पहारा देत होता. इतकी वर्षं आखातात काढलेल्या माणसाला जगात एकाच गोष्टीची भीती वाटते, फाईनची. "यल्ला, यल्ला, लवकर उरका," तो कुजबुजत होता. "खण पाण्यात टाकू नका हं!"

मी हात खिशातून काढले नाहीत. "आई, तुम्हीच भरा."

"अगं, मला चालत नाही."

"बाण मारणारा मेला ना?"

मला वाटलं, आता काही ऐकावं लागणार. सुनेने मर्यादेत राहावं वगैरे. पण त्या ताटली घेऊन खाली बसल्या. पाण्याला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, खण पाण्याला टेकवून परत घेतला, ओंजळीने तांदूळ सोडले. एकही वस्तू चुकली नाही. तांदूळ बघून कुठूनतरी हंस आले आणि अधाशासारखे तुटून पडले. एकाने माझ्या बुटाला चोच मारली. सासूबाईंनी सरस्वतीचं वाहन म्हणून त्या गुंडालाही नमस्कार केला.

शेवटी नारळ सोडला. तो डुलत डुलत चांगला लांब गेला. तेवढ्यात टूरिस्टांची एक बोट गेली, लाटा आल्या आणि नारळ वळून सरळ आमच्या पायरीला येऊन लागला.

सासूबाईंचा चेहरा पार उतरला. "नाही घेतला तिने," त्या म्हणाल्या. "सांगत होते मी तुला."

मला त्या बोटीचा, जाऊबाईंचा आणि झालंच तर कृष्णेपासून व्हिस्टुलेपर्यंत सगळ्या नद्यांचा राग आला. मी बुटांसकट पाण्यात पाय घातला आणि नारळ उचलला.

"नाही कसा घेतला? तुम्ही तिची भरलीत, आता ती तुमची भरतेय. पदर पुढे करा."

"माझा?"

"दुसऱ्या कुणाचा? थंडीने माझे पाय गेले. करा पुढे."

त्यांनी जाकिटाखालून पदर ओढून काढला आणि दोन्ही हातांनी धरला. मी त्यात नारळ घातला, ओला खण घातला, पुडीत उरलेले तांदूळ घातले. कुंकवाच्या पुडीकडे मी बघितलं, मग त्यांच्याकडे. त्यांनी मान थोडी पुढे केली.

"आजी, यू लुक नाइस," लेक म्हणाली. ती केव्हा खाली येऊन उभी राहिली होती कोण जाणे.

परत आल्यावर विमानतळावर सामान पुन्हा यंत्रातून गेलं आणि नारळ पुन्हा पकडला गेला. तपासणारा हसायला लागला. "अम्मा, पोलंड से नारियल लाया? इधर रोल्ला में नहीं मिलता?"

नवरा समजावून सांगायला पुढे झाला. सासूबाईंनी त्याला हाताने मागे सारलं.

"मिलता है," त्या म्हणाल्या. "लेकिन ये मेरी ओटी का है."