संताच्या वाटचा घोट

सेबास्तियन संताच्या जत्रेत झुल्मिरा एकतीस वर्षं लिंबं चिरत आली होती. कुटायचं काम नवऱ्याचं, ओनोफ्रेचं. तो साखर कारखान्यातला फिटर. हात राकट, पण बत्ता असा चालवायचा की लिंबाचा रस सुटावा आणि साल ठेचली जाऊ नये. ती त्याच्याकडे पाठ करून बसायची, लिंबाची टोकं छाटायची, मधली पांढरी शीर काढून फोडी करायची. तो त्या फोडी साखरेबरोबर कुटायचा, वर बर्फ आणि उसाची दारू. ब्राझीलमधल्या पिरासिकाबाच्या जानेवारीतल्या उन्हाळ्यात या काइपिरिन्याशिवाय जत्रा कसली?

मुळात ते औषध होतं, असं झुल्मिराची आजी सांगे. मोठ्या तापाच्या साथीत लिंबू, मध, लसूण आणि दारू घोटून पाजत. ताप गेला, लसूण गेला, मधाची साखर झाली. लोक पीतच राहिले. बर्फ कुणी घातला, असं विचारलं की आजी म्हणे, "ज्याला ताप नव्हता त्यानं."

ओनोफ्रे डिसेंबरात गेला. झुल्मिरा रडली नाही. भांडी घासली, कपडे वाळत घातले आणि वीस जानेवारीला लिंबांची टोपली घेऊन मांडवात आली.

जत्रा समितीचा आदाउतो म्हणाला, "झुल्मिराबाई, यंदाचं बघू. नाही जमलं तर पुढच्या वर्षी ही जागा माझ्या जावयाला. तो व्होडकात स्ट्रॉबेरी घालतो. पोरांना आवडतं."

"बरं," ती म्हणाली. ओनोफ्रेचं म्हणावं असं एवढंच एक ठिकाण उरलं होतं.

मिरवणूक संपली, रांग लागली. झुल्मिरानं आयुष्यात पहिल्यांदा बत्ता हातात घेतला आणि कुटत सुटली. लोक चव घेऊन म्हणत, "वा, अगदी ओनोफ्रेसारखी!" पिण्याआधी संताच्या वाटचा एक घोट जमिनीवर ओतायचा, ही तिथली रीत. आज मात्र एक घोट पोटात गेला की लोकांना संताची पुन्हा आठवण होत होती.

नणंद दाल्वा आली ती मांडवापुढे झालेल्या चिखलात पाय देऊनच.

"वहिनी, आज संत फारच पितोय हो! देवळात परत न्यायला चौघं लागतील त्याला." तिनं ग्लास तोंडाला लावला आणि थुंकली. "कडू जहर! साल पार ठेचलीस की. तुझे काळे कपडे बघून गोड बोलतायत सगळे."

झुल्मिराला वाईट वाटलं नाही. काहीच वाटलं नाही. ती चिखलाकडे बघत राहिली, मग बत्ता दाल्वापुढे धरला.

"तू कूट."

"मी? मला साधं अंडं फोडता येत नाही!"

"मी सांगते."

ती पाठ फिरवून बसली, सुरी घेतली. मागे बत्ता वाजला. कोरडा ठोका, मग ओला, मग आणखी ओला.

"बास."

"अगं, अजून रस कुठे..."

"बास म्हटलं ना. आता नुसता फिरव."

ओनोफ्रेला कुटताना तिनं कधी पाहिलंच नव्हतं. फक्त ऐकलं होतं.

पहिला ग्लास म्हाताऱ्या सुतारानं घेतला. चमचाभर संताला दिलं, उरलेलं एका दमात संपवलं आणि ग्लास पुढे केला. "कर अजून एक."

ऊन कललं तेव्हा लिंबं संपत आली होती. आदाउतो वही घेऊन आला. आवाज जरा खालचा होता.

"पुढच्या वर्षाला नाव कुणाचं लिहू? ओनोफ्रेचंच राहू दे?"

"तो मेला," झुल्मिरा म्हणाली. "माझं लिहा. खाली दाल्वाचं."