धाकूबाबाची जीभ

…अरे ते नको लिहूस, कोंबडं हाकल म्हणून मी तुझ्या आईला सांगत होते. खोड ते. कागद वाया घालवू नको बाबा. हां, कुठं होते मी? धाकूबाबांपाशी. तुझे पणजोबा, आनंदा. माझे सासरे. तू पाहिले नाहीस त्यांना, तुझ्या बापाला अंधूक आठवतील.

त्यांचे पाय बघायला हवे होतेस. वीस वरसं मिठागरात उभे राहिलेले पाय. टाचांना चरे, चऱ्यांत काळं बसलेलं, कितीही घासा, निघायचं नाय. मग एका पावसात आगराचा बांध फुटला, मालकानं परत बांधला नाय, आणि सगळी माणसं हातावर हात ठेवून बसली. तेव्हा धाकूबाबांनी पंचांकडं जाऊन ती ओहोळाकडची पडीक जमीन मागितली. एकट्याला नाय, चौदा घरांना. तीन पावसाळे नुसतं पावसाचं पाणी साठवायचं नि सोडून द्यायचं, साठवायचं नि सोडायचं. मीठ धुऊन काढलं जमिनीतलं. लोक हसायचे, "धाकू चिखल पिकवतोय!" चौथ्या वरसाला लाल माठ उगवला, तेव्हा हसणारेच टोपल्या घेऊन आले.

मी लग्न होऊन आले तेव्हा मळा चांगला चालू होता. कल्याणाला आगगाडी येऊन दहा-बारा वरसं झाली असतील. मी चौदा-पंधराची. सासू नव्हती. तुझा आजा गाडीच्या रुळावर कामाला, सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा. घरात दिवसभर मी आणि सासरे.

मळा कसा चालायचा ते लिही. दिवाळी झाली की टोपलीत चौदा वस्तू टाकायच्या. कोणाचा चिंचोका, कोणाचा शिंपला, कोणाची फुटकी बांगडी. धाकूबाबा डोळे मिटून एकेक काढायचे आणि ओळीनं वाफ्यांवर ठेवत जायचे. ज्याची वस्तू, त्याचा वाफा, वरसभर. कोणी कुरकुरायचं नाय. एक रखमाबाई तेवढी. ती विधवा, पदरात दोन पोरी, जीभ कात्रीसारखी. "धाकूदादा, तुमचा हात माझी बांगडी शेवटीच कशी काढतो हो? हाताला डोळे फुटलेत का?" सगळे हसायचे. धाकूबाबाही.

आता तू शाळेत जायला लागल्यापासून बांधावर फिरकत नाहीस, म्हणून सांगते. खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून बांध, आणि बांधाला लाकडी फळ्यांचं दार. उघाडी म्हणतात. ओहोटीला उघडायची, भरतीला लावून चिखलानं बुजवायची. आतल्या बाजूला ओहोळाचं गोडं पाणी साठतं, तेच मळ्याला. पण फाल्गुनात ओहोळ बारीक होतो, आणि पुनवेचं उधाण तर तेव्हा असं येतं की फळ्या कितीही बुजवा, थोडं झिरपतंच. म्हणून नेम होता. उधाणाच्या दिवसांत धाकूबाबांनी चाखल्याशिवाय कोणी घागर बुडवायची नाय. ते ओंजळ घ्यायचे, तोंडात फिरवायचे, थुंकायचे. "गोडं हाय, भरा." नायतर, "मचूळ हाय, दोन दिवस थांबा." मिठागरात मुरलेली जीभ ती. आपल्याला कळायच्या आधी तिला कळायचं. आणि दुसऱ्या कोणी चाखायचं नाय हां. चाखलं म्हंजे त्यांच्यावर भरवसा नाय असं झालं.

उघाडी सांभाळायचा काळुराम. त्याची बायको लक्ष्मी माझ्याच वयाची. आम्ही दोघी एका उखळावर भात कांडायचो. माहेर लांब होतं माझं, तीच माझी बहीण.

मग एका वरसी माघात धाकूबाबांना ताप भरला. पंधरा दिवस. उठले, पण अर्धे झाले होते. जेवताना म्हणायचे, "सूनबाई, मीठ घाल अजून." मी घालायचे. एक दिवस घाईत मी बोंबलाच्या कालवणात मीठ घालायचंच विसरले. वाढल्यावर आठवलं. म्हटलं, आता ताट भिरकावतात की काय. ते जेवले. बोटं चाटली. "आज झकास झालंय," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम नाय घातलं. जेवले. तिसऱ्या दिवशी मूठभर घातलं, माझ्यानं घास गिळवेना. जेवले. मी चुलीशी बसून बघत होते. त्यांनी मान वर केली, माझ्याकडं पाहिलं. मग ताटाकडं. कळलं त्यांना मी काय केलं ते. मग म्हणाले, "सूनबाई, घरातली गोष्ट घरात."

मी मान हलवली. काय करणार होते? सासऱ्याशी वर तोंड करून बोलायची रीत नव्हती. आणि मला दिसत होतं ना, मळा गेला तर माणसाकडं काय राहील. ओटीवर बसून खाणारा म्हातारा. मला वाटलं, ताप उतरलाय, जीभही येईल माघारी. झाडाला पालवी येते तसं वाटलं मला. पोरगीच होते.

होळी आली. मळा अगदी भरात होता. काकडीला फूल, भेंडी वितभर, दुधीच्या वेली मांडवाला हात घालायला निघालेल्या. रखमाबाईची गवार तर पहिल्या तोडीला आलेली. पुनवेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बायका घागरी घेऊन उभ्या. काळुराम बांधावरून आला, गुडघ्यापर्यंत चिखल. बाकीच्या मागं होत्या, मी पुढंच होते, माझ्या कानांनी ऐकलं. म्हणाला, "दादा, उधाण मोठं होतं. फळ्या बुजवल्यात, पण खालून झिरपतंय. नीट चाखून घ्या." धाकूबाबांनी ओंजळ घेतली. फिरवली. थुंकले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. ते माझ्याकडं बघत नव्हते.

"गोडं हाय. भरा."

भरलं. तीन दिवस भरलं. दुसऱ्या दिवशी घागर डोक्यावर घेताना पाणी सांडलं, ओठांवर आलं. खारट लागलं मला. घाम असेल म्हटलं. बघ, माणूस स्वतःशी कसं बोलतं. घाम असेल म्हणे.

चौथ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. पाचव्या दिवशी सगळ्या वेली माना टाकून. वाफ्यांवर पांढरी साय धरली होती, दुधावर धरते तशी. रखमाबाई वाफ्यात बसली आणि एकेक गवारीचं झाड उपटून मांडीवर ठेवत होती. रडत पण नव्हती. तिच्या पोरी बांधावर उभ्या. चौदाच्या चौदा वाफे, आनंदा. एक वाचला नाय.

मग आंब्याखाली सगळे जमले. रखमाबाईला तिथं तोंड फुटलं. "काळ्या, होळीची बोंब मारायला गेलास नि फळ्या उघड्या टाकल्यास! माझ्या पोरींनी काय खायचं, तुझं तोंड?"

काळुराम म्हणाला, "मी उघाडीवरून हललो नाय. झिरपत होतं, ते मी दादांना सांगितलेलं. विचारा त्यांना."

सगळे धाकूबाबांकडं वळले. ते म्हणाले, "मी चाखलं तेव्हा पाणी गोडं होतं."

एवढंच. पण त्या एवढ्याचा अर्थ काय होतो ते सगळ्यांना कळलं. चाखल्यानंतर खारं आत आलं, म्हंजे उघाडीवाल्यानं सोडलं. धाकूबाबांची जीभ चुकेल हे कोणाच्या मनात पण येईना.

काळुरामनं इकडंतिकडं पाहिलं आणि मी दिसले त्याला. "सूनबाईला विचारा. ती घागर घेऊन पुढंच उभी होती. तिनं ऐकलंय मी काय सांगितलं ते."

मी पदर पुढं ओढला. मान खाली घातली. लक्ष्मी माझ्या शेजारीच होती, तिनं माझं मनगट धरलं, घट्ट, बांगडी रुतली. "बोल ना गं," म्हणाली. हळूच. "बोल की." मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. कोणीतरी म्हणालं, "राहू द्या, पोरीला कशाला मधी घेता?" झालं. न बोलणं म्हंजे नाय म्हणणंच. लक्ष्मीनं हात सोडला.

पंचांनी काळुरामकडनं उघाडी काढली, वाफा काढला. गावात त्याच्याशी कोणी बोलेना. पोरं मागनं ओरडायची, "खाऱ्या, खाऱ्या." वैशाखात दोघं शहाडला लक्ष्मीच्या मामाकडं गेली. जाताना ती आमच्या दारावरून गेली, कडेवर तान्हं पोर. मी दाराआड उभी होते. तिनं वळून पाहिलं नाय. तिथं काळुराम नदीवर रेती काढायचा. तिसऱ्या पावसात वारला.

आणि मळा? मळा परत धुतला, परत लावला. पुढच्या फाल्गुनात उधाणाच्या सकाळी धाकूबाबा मला म्हणाले, "तू पुढं चल." मी ओहोळात वाकायची, घागर विसळायची, ओठ ओले करायची. गोडं असलं तर घागर सरळ ठेवायची, मचूळ असलं तर आडवी. ते बघायचे आणि मग ओंजळ घ्यायचे. थुंकायचे. सांगायचे. अकरा वरसं, आनंदा. एकदा पण चुकलो नाय. रखमाबाई म्हणायची, "धाकूदादांची जीभ म्हंजे देवानं दिलेली. त्या मेल्या काळ्यानं घात केला तेवढाच." आणि माझी घागर तिथंच असायची, सरळ नायतर आडवी.

धाकूबाबांनी काळुरामचं नाव चारचौघांत परत कधी घेतलं नाय. हसायचे पण बंद झाले. संध्याकाळी उघाडीवर जाऊन बसायचे, नव्या माणसाला फळ्या लावताना बघत. एकदा मी पाणी घेऊन गेले तर म्हणाले, "हा काळ्यासारखं बुजवत नाय." मला म्हणाले की स्वतःला, कोण जाणे. ते गेल्यावर तरी मी बोलायचं होतं. पण मग तुझा आजा होता, घराचं नाव होतं, पुढं तुझ्या बापाचं लग्न जमायचं होतं. नेहमी काहीतरी असतंच रे. लक्ष्मी शहाडला आहे, जाऊ एकदा, सांगू तिला, असं म्हणत म्हणत म्हातारी झाले. आणि परवा बाजारात कळलं, ती पंधरा दिवसांपूर्वी गेली.

म्हणून तुला बसवलं लिहायला. तुझ्या बापाला विचारू नको. तो म्हणेल, आता कशाला. रविवारी शाळा नसते, तू शहाडला जा, चालत गेलास तरी दुपारपर्यंत पोचशील. लक्ष्मीचा नातू आहे तिथं, तानाजी, नदीकडच्या आळीत कोणालाही विचार. त्याला वाचता येत नसेल तर तू वाचून दाखव, सगळं, माझं मान खाली घालणं पण. शिव्या घालेल, त्या ऐकून घे, उलट बोलू नको. आणि सांग त्याला, तुझ्या आज्यानं, काळुरामनं, फळ्या लावल्या होत्या, बुजवल्या होत्या, आणि वेळेवर सांगितलं पण होतं. हे गोदानं सांगितलंय म्हणावं, जी तिथं उभी होती.