हिंमतराव सरांनी नापास केलेले जावई

तापीकाठच्या प्रकाशा गावातल्या हिंमतराव पाटील सरांना इंग्रजी येत होतं आणि बाकीच्या जगाला येत नव्हतं, एवढ्या भांडवलावर त्यांनी आयुष्य काढलं. शहाद्याच्या एका हायस्कुलात तीसेक वर्षं इंग्रजी शिकवलं, निवृत्त झाले, ओट्यावर खुर्ची टाकून बसले आणि तिथून जगाला नापास करत राहिले. दुकानाची पाटी असो, लग्नपत्रिका असो, औषधाच्या बाटलीवरची सूचना असो, सरांच्या नजरेतून कुणी सुटत नसे. लोक हळूहळू त्या ओट्यावरून जायचंच टाळू लागले. सरांना वाटे, गाव लाजतं. गाव कंटाळलं होतं.

सरांचा सगळ्यात लाडका विषय म्हणजे पार्टिसिपल. वाक्याच्या तोंडाशी 'धावत', 'थकून', 'पूर्ण करून' असं काही टाकलं, की स्वल्पविरामानंतर पहिला जो येऊन बसेल त्याच्या नावावर ते काम जमा होतं. इंग्रजी त्यात कुणाची गय करत नाही. एखाद्या पोराने लिहावं, 'रनिंग टू द स्टँड, द बस लेफ्ट', आणि सरांनी त्याला बाकावर उभं करावं. "काय रे, बस धावत आली का स्टँडवर? दम लागला होता का तिला?" वर्ग खिदळायचा, पोरगं रडकुंडीला यायचं. नियम खरा होता, शहाण्याने शिकून घ्यावा असाच होता. पण सरांनी तो कुणाला शिकवला कमी आणि कुणाच्या पाठीत घातला जास्त.

स्वप्नाली ही त्यांची एकुलती एक मुलगी. भाकरी थापायला शिकायच्या आधी ती हा नियम शिकली होती, आणि बराच काळ तिला बापाचा अभिमानही होता. आई, निर्मलाबाई, गेली तेव्हा तो संपला. सरांचा भाचा योगेंद्र याने रडत रडत मोबाइलवर स्टेटस ठेवलं होतं, 'आफ्टर सफरिंग फॉर टू मंथ्स, गॉड टुक माय मामी.' दशक्रिया उरकून तापीच्या घाटावरून घरी आल्या आल्या, अंगावरचं ओलं धोतरही न बदलता, सरांनी त्याला फोन लावला. "योगेंद्र, दोन महिने दुखणं कोणी सोसलं? देवाने? तुझी मामी तर स्वल्पविरामाच्या जवळपासही नाही." पलीकडून योगेंद्र 'सॉरी मामा, सॉरी मामा' म्हणत राहिला. ते ऐकताना स्वप्नालीच्या मनातून बाप कायमचा उतरला.

मग तिच्या लग्नाचं सुरू झालं. आता आपल्याकडे मुलाचा बायोडाटा इंग्रजीतच लागतो. मुलाकडचे तो वाचत नाहीत, मुलीकडचे तो वाचत नाहीत, पण मराठीत दिला तर मुलगा कमी शिकलेला वाटतो. या खुळचटपणाला बळी पडून जो तो इंग्रजी कागद घेऊन यायचा आणि नेमका प्रकाशाच्या या ओट्यावर सापडायचा. पहिल्याच कागदावर लिहिलेलं होतं, 'हॅविंग कम्प्लीटेड बी. ई., माय फादर ओन्स ट्वेल्व्ह एकर्स.'

"शिक्षण पूर्ण करून माझ्या वडिलांकडे बारा एकर आहे," सरांनी त्याचं मराठी करून दाखवलं. "म्हणजे बी. ई. बाप झाला. मग लग्नही बापाशीच लावू काय?"

स्वप्नाली तेव्हा हसली होती. पण पुढचे कागदही तसेच आले. कुणाची पदवी वेगळी, कुणाची जमीन कमी-जास्त. शिकलेला मात्र दर वेळी बापच निघायचा, आणि सर मुलगा न बघताच स्थळ मोडायचे. बघता बघता तिने तिशी ओलांडली. शहाद्याच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासून ती घरी यायची, स्वयंपाक करायची आणि जेवताना त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातल्या चुका ऐकायची.

सारंगखेड्याचा भाग्येश तिला लॅबमध्येच दिसला. तो आईला रक्त तपासायला घेऊन आला होता. म्हातारी सुईला घाबरून अनवाणीच आत गेली, तर हा तिच्या चपला हातात धरून दाराशी उभा राहिला. शेजारी रिकामी खुर्ची होती, पण बसला नाही. हा माणूस आपल्याला चालेल, असं स्वप्नालीला स्पष्ट वाटलं. पुढे चारुलता आत्याने नेमकं त्याचंच स्थळ आणलं. आणि त्याच्याही कागदात शिकला होता तो बापच. सरांनी तांबड्या पेनाने रेघ मारून कागद परत दिला.

या वेळी स्वप्नालीने तो उचलला आणि तळाशी ज्या छपाईच्या दुकानाचं नाव होतं तिथे, शहाद्याच्या स्टँडजवळ, अझरुद्दीनकडे गेली आणि अहिराणीत विचारलं, "भाऊ, हाई वाक्य कोनी लिखं?"

"कोनी म्हंजे? नेटवर गवसनं," अझरुद्दीन मान वर न करता म्हणाला. "डिग्री बदलस, एकर बदलस, बस. बठ्ठास्ना कागद तोच शे, ताई."

सगळ्यांचा कागद एकच! तिला आधी हसू आलं, मग संताप. बापाने इतकी वर्षं इतकी मुलं नापास केली, आणि पेपर त्यातल्या एकाचाही नव्हता! आपलं नाव ज्यावर आहे तो कागद एकदाही न वाचणारी मुलं, न कळता छापणारा हा दुकानदार, आणि त्यावर न्यायाधीश होऊन बसलेला म्हातारा. सगळे एकाच लायकीचे. आणि हे सगळं निमूट चालू देणारी आपण? तिने स्वतःलाही त्यातून वगळलं नाही.

तिथूनच तिने भाग्येशला फोन केला. "तुमना बायोडाटा परमाने डिग्री तुमना बापनी लियेल शे."

तो मोकळेपणी हसला. "वाचस कोन, मॅडम? लोके फोटो दखतस, एकर मोजतस." त्याला विचारून तिने अझरुद्दीनला वाक्य बदलायला लावलं. स्वल्पविरामानंतर बापाला उठवलं आणि तिथे 'आय' बसवला. नवा कागद आत्याच्या हातून पुन्हा ओट्यावर गेला.

सरांनी चष्मा पुसला. कागद वाचला, उलटा करून बघितला, पुन्हा वाचला. स्वप्नाली चौकटीला धरून उभी होती. पेन उघडलं गेलं आणि तसंच मिटलं.

"सारंगखेड्याला धूळ फार," सर म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "कृषी केंद्रातली नोकरी म्हणजे अंगाला औषधांचा वास." आणि शेवटी फोटो डोळ्यांजवळ नेऊन, "कान जरा मोठेच आहेत मुलाचे."

कान! जन्मभर स्वल्पविरामावर उभा राहिलेला माणूस कानांवर घसरला होता.

"आप्पा, वाक्य बरोबर शे का?" तिने विचारलं.

"वाक्य बरोबर आहे."

"मंग ते वाक्य कव्हयच आडं नव्हतं येत. तुमले मन्हं लगीन करनंच नही. इतला वरीस इंग्रजीना आड दपी बठनात."

इंग्रजीआड लपलेल्या सरांनी पेन खिशाला लावलं. या घरात अहिराणीत बोललेलं त्यांना कधी खपलं नव्हतं. आता तेच हळू आवाजात म्हणाले, "तू गयी का मंग मी कोनले शिकाडू? कोनी आयकत नही वं आते मन्हं."

स्वप्नालीला त्यांची कीव आली, आणि कीव आली याचाच राग आला. एक ऐकणारी हवी म्हणून या माणसाने पोटच्या मुलीचं वय जाळलं होतं, आणि तेही तिच्या भल्याच्या नावाखाली. तिने त्यांच्यासमोरच आत्याला फोन लावला.

"आत्या, सारंगखेडावालास्ले होकार सांगी दे."

"होकार? कोनी दिधा? आप्पानी?"

"नही. मी."

आत्याचा विश्वास बसेना. ती पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिली, आणि स्वप्नाली दर वेळी तेच सांगत राहिली.