मण्यातून येणारा वारा

माझे मोठे दीर अकीकाचे मणी करायचे. अकीक म्हणजे जमिनीतून निघणारा कडक दगड. वरून बटाट्यासारखा मळकट, आत काय आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही. भावजी ते दगड उन्हात वाळवत, मडक्यात घालून भुशाच्या मंद आचेवर भाजत. तपकिरी दगड लालभडक होऊन बाहेर यायचा. मग हातोडीने टवके काढून तो चाकावर घासायचा. ओल्या दगडाच्या चिरा दिसत नाहीत, म्हणून कोरडाच. खोलीतल्या भिंती, बल्ब, जाऊबाईंच्या भुवया, सगळ्यांवर पांढरी पूड.

"आमच्याकडे पावडर फुकट," जाऊबाई म्हणायच्या. "नुसतं येऊन बसलं तरी माणूस गोरं होतं!"

खरं कसब भोक पाडण्याचं. अर्धं एका बाजूने, अर्धं दुसऱ्या बाजूने, आणि दोन्ही बरोबर मध्ये भेटली पाहिजेत. भेटली की नाही, हे भावजी ओठांनी ओळखत. मणी ओठांत धरायचा आणि श्वास आत ओढायचा. जिभेवर गार वाऱ्याची बारीक रेघ आली, की मणी ओवायला तयार. त्यांचे वडीलही असंच करत, आणि म्हातारे व्हायच्या आधीच खोकून खोकून गेले. घरात त्याला नुसतं 'छातीचं दुखणं' म्हणत. दगडाचं नाव कोणी घेत नसे.

कॉलेज संपल्यावर माझी लेक त्यांच्याकडे जायला लागली. तिला माळांचं वेड. मी फार कटकट केली, तेव्हा भावजींनी माझ्यासमोरच तिला बजावलं, "डिग्रीवाले, तू फक्त ओवायचं. चाकाजवळ यायचं नाही, मणी तोंडाला लावायचा नाही."

पुढे त्यांचे मणी फुटू लागले. भावजी मणी ओठांत धरत, "बुजलंय" म्हणत, पुन्हा त्यात भोक पाडायची सुई फिरवत आणि तयार मण्याचे दोन तुकडे होत. रोज वाटीभर.

"दगडच नासका आलाय," ते म्हणाले.

"काल चाक नासकं होतं, परवा भट्टी," जाऊबाई म्हणाल्या. "उद्या माझा नंबर."

मी त्या दिवशी लेकीला घरी न्यायला गेले होते. 'बुजलेल्या' मण्यांतला एक तिने उचलला आणि ओठांना लावला.

"काका, येतोय की वारा."

दुसरा लावला. तिसरा. सगळे मोकळे होते. भावजींनी तिच्या हातातून मणी घेतला आणि जोर लावून श्वास ओढला. मानेच्या शिरा ताठ झाल्या. मग त्यांनी मणी हळूच खाली ठेवला.

"म्हणजे मणी चांगले होते," ते म्हणाले. जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला.

जरा वेळाने त्यांनी मान वर केली. "हे तुला कुठून जमलं गं? पहिल्या झटक्यात जमत नाही ते."

लेक माळेचा दोरा गुंडाळू लागली.

"विचारतोय मी."

"तुम्ही जेवायला उठलात की करायचे. सरावाला."

"कधीपासून?"

"आले तेव्हापासून."

भावजींनी तिच्यावर हात उगारला, तो तसाच खाली आणला आणि चाकाचं बटण बंद केलं. "ऊठ. पुन्हा इथे पाऊल टाकलंस तर तंगडं मोडेन." त्याच आठवड्यात त्यांनी चाक भंगारात दिलं. पुढे भावजींनी अंथरूण धरलं.

लेकीच्या छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, आज तरी काही दिसत नाही, पण ही पूड उशिरा दिसते, दरवर्षी येत जा.

भावजींना तो फोटो पुरेसा वाटेना. चाक गेल्यावर तिला त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या घरी भेटायला यायची मोकळीक होती, पण ती आली की ते म्हणत, "जिना उतर आणि पळत वर ये." ती वर आली की तिची छाती शांत होईपर्यंत एकटक बघत राहत.

"अहो, पोरीला कशाला दमवता?" जाऊबाई म्हणायच्या.

"दमते का तेच बघतोय."

शेवटच्या दिवसांत त्यांना बोलवत नव्हतं. ते नुसतं दाराकडे बोट करत. एकदा लेक वर आली ती दाराची चौकट धरून उभी राहिली.

"धावत आले म्हणून," ती घाईघाईने म्हणाली.

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. मग उशीवरून हात उचलून त्यांनी पुन्हा जिन्याकडे बोट केलं.