पुसदच्या बाजाराचा पडदा

लग्न होऊन मी दिग्रसला आले तेव्हा गावात फोटोचे दोन स्टुडिओ होते. एक मोटार स्टँडजवळचा, जुना. दुसरा आमचा, जिनिंगच्या रस्त्यावरचा, माझ्या नवऱ्यानं नुकताच काढलेला. जुन्या स्टुडिओत एकच पडदा होता. त्यावर महाल, कारंजं आणि दोन हंस. ज्या घरी हळदीकुंकवाला जावं त्या घराच्या भिंतीवर तेच हंस. सून हंसांपुढे, सासरा हंसांपुढे, फौजेत निघालेला मुलगाही हंसांपुढे. यांना ते बघवत नसे. "माणसाच्या मागं आपल्याकडचं काहीतरी दिसायला पाहिजे," असं हे म्हणत.

यांनी पुसदहून एक पेंटर आणला. दुकानांच्या पाट्या आणि टांगे रंगवणारा, पन्नाशीचा मुसलमान गृहस्थ. आमच्या मागच्या पडवीत त्यानं मांजरपाटाचं मोठं कापड ताणलं, खळ चढवली आणि पुसदचा आठवडी बाजार रंगवायला घेतला. फोटो काळापांढराच निघणार, म्हणून रंगही काळा, पांढरा आणि राखाडी एवढेच. कांद्यांचे ढीग, मडकी, सोडलेल्या बैलगाड्या आणि माणसंच माणसं. मी चहा घेऊन जायची तेव्हा एकेक चेहरा उमटत गेलेला दिसायचा.

"हे सगळे खरे आहेत का?" मी एकदा विचारलं.

"मन से चेहरा बनता नहीं, भाभी," तो म्हणाला. "देखा हुआ आदमी ही हाथ में आता."

पडदा लागला आणि लोक यायला लागले. फोटो काढायचा नसला तरी बघायला यायचे. कोणी म्हणे, हा आमच्या व्याह्याच्या गल्लीतला न्हावी. कोणाला आपला गूळवाला सापडे. इतर फोटोग्राफर मागचा पडदा मुद्दाम पुसट ठेवत, हे मात्र तो लख्ख घेत. त्यासाठी बसणाऱ्याला बराच वेळ हलू द्यायचे नाहीत. पण फोटो हातात पडला की असं वाटायचं, माणूस खरोखर बाजारात बसलाय आणि सगळा बाजार त्याच्या पाठीशी थांबलाय. हंसवाल्याची गिऱ्हाइकं आमच्याकडे वळली. मला या सगळ्याची गंमत वाटत होती. त्या चेहऱ्यांतून काही निघेल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

दिवाळी होऊन कापसाच्या गाड्या सुरू झाल्या होत्या. दुपारची वेळ. जवळच्या बंजारा तांड्यावरची एक बाई मुलीला घेऊन आली. बाई चाळिशीची, आरशांच्या भरतकामाची ओढणी, पण केसांच्या दोन्ही बाजूंना सवाष्णी बांधतात त्या चांदीच्या घुगऱ्या नव्हत्या. म्हणजे नवरा नाही, एवढं मला कळलं. मुलीचं लग्न ठरलं होतं.

"लांब देऊन राह्यली हिले," बाई म्हणाली. "हिचं तोंड घरात राहू द्या म्हनलं."

यांनी स्टूल ठेवलं, मुलीला बसवलं आणि कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घातलं. बाई माझ्याशेजारी उभी होती. ती मुलीची ओढणी नीट करायला पुढे गेली आणि तिथंच थांबली. तिचा हात मुलीच्या खांद्यावर राहिला. नजर पडद्यावर, डाव्या बाजूला, तराजूजवळ उकिडव्या बसलेल्या एका माणसावर. ती त्यांच्या बोलीत काहीतरी बोलली. हळू, दोनच शब्द.

मुलगी मान वळवून बघू लागली. "हलू नको," हे कापडातून म्हणाले.

"काय म्हणते तुझी आई?" मी विचारलं.

मुलगी त्या चित्राकडे बघत म्हणाली, "याडी म्हनते, हा माहा बाप होय."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मुलीच्या आवाजात काहीच नव्हतं. तिला बाप आठवतच नव्हता. ती रांगत होती तेव्हा तो बैलजोडी विकायला पुसदच्या बाजारात गेला आणि परतला नाही. पैशांसाठी कोणी वाटेत मारलं असणार असं तांड्यानं धरलं. महिने गेले, मग त्याचे दिवस घातले आणि हिच्या घुगऱ्या उतरल्या. हे सगळं बाईनं आम्हाला जमिनीवर बसून सांगितलं. मध्येच उठून ती पडद्याजवळ जाई आणि त्या माणसाच्या कानाशी बोट नेई. कानाची पाळी फाटलेली होती. पेंटरनं तीही काढली होती.

नव्या पडद्यासाठी आदल्याच दिवशी पुसदहून आलेल्या पेंटरला यांनी मागच्या पडवीतून बोलावलं. तो हात पुसत आला. त्याला वाटलं, चित्रात काही चुकलं.

"ये? ये तो हमारी गली का है. लकडी की टाल पे बैठता. रोज देखता मैं उसको."

"अभी भी?" यांनी विचारलं.

"परसों ही बीडी पी साथ में."

मला त्या बाईकडे बघायचं धाडस होईना. तिनं मात्र ओढणी सावरली आणि मला म्हणाली, "बाई, तू येतं का संग? मले तिथं कोनी मालूम नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं आम्ही चौघं पुसदला गेलो. ती, मुलगी, पेंटर आणि मी.  मी मनात सारखी म्हणत होते, माणसासारखा माणूस असतो, दुसराच कोणी निघेल.

टाल, म्हणजे लाकडाची वखार, गल्लीच्या टोकाला होती. एक माणूस मोठ्या काट्यावर सरपण तोलत होता. आमच्या पडद्यावर होता तसाच, फक्त केस जास्त पिकलेले. पेंटरला बघून हसला. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "ओली पाह्यजे का वाळली?"

आणि मग त्यानं तिला ओळखलं. हातातलं लाकूड त्यानं काट्यात ठेवलं नाही की खाली टाकलं नाही, तसंच धरून ठेवलं. मागच्या खोलीतून एक बाई डोकावली, कडेवर मूल होतं. तिनं आमच्याकडे बघितलं आणि आत गेली.

मला वाटलं, आता रडारड होईल, शिव्या होतील, गल्ली गोळा होईल. ती बाई फक्त म्हणाली, "काहून?"

त्यानं लाकूड या हातातून त्या हातात घेतलं. मग म्हणाला, "बैल इकले. यायलेच निघालतो. मोटार चुकली. म्हनलं उद्या जाऊ. उद्याबी नाही गेलो."

"मंग?"

"मंग काही नाही. नाही आलो."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. काहीतरी कारण सांगेल, भांडण, आजार, कोणाची धमकी, असं वाटत होतं. खोटं तरी सांगेल. पण त्याच्याजवळ काहीच नव्हतं. त्याला स्वतःलाही ते ठाऊक नसावं. आज इतक्या वर्षांनीही मला सगळ्यात जास्त धक्का त्याच उत्तराचा बसतो. एक मोटार चुकते आणि माणूस घरी जायचं सोडून देतो, एवढंच.

त्यानं मुलीकडे बघितलं. "हे कोन?"

"माही पोरगी," ती म्हणाली. "लगन हाय हिचं."

"येऊ का मी?"

"तुह्ये दिवस घातले आमी," ती म्हणाली. "मेलेल्या मानसाले आवतन कसं देऊ?"

ती वळली आणि चालू लागली. मुलगी मात्र क्षणभर तिथंच होती. त्याच्या फाटक्या कानाकडे बघत होती. मग तीही आली.

परतीच्या मोटारीत बाईनं फडक्यातली भाकरी काढली, आम्हा चौघांचे चार वाटे केले आणि एक माझ्यापुढे धरला. मी तो हातातच धरून बसले. ती आपला वाटा सावकाश, पुरता जेवली.

दिग्रसला उतरून ती थेट स्टुडिओत आली. फोटो राहिलाच होता. यांना सगळं मी बाजूला नेऊन सांगितलं. हे गोंधळून गेले. म्हणाले, "मावशी, दुसरा साधा पडदा लावतो. नाहीतर उद्या या, पेंटरकडून तेवढा चेहरा पुसून घेतो."

"राहू द्या," ती म्हणाली. "लगनाच्या पोरीमागं बाप पाह्यजे."

"मले नाही पाह्यजे," मुलगी म्हणाली.

दोघींचं त्यांच्या बोलीत झालं. आवाज कोणाचाच चढला नाही. मला एक शब्द कळला नाही, आणि पेंटर खाली मान घालून बसला होता. शेवटी मुलगी उठली, स्टूल उचललं आणि डावीकडे सरकवलं. एकदा बसून मागं वळून बघितलं, पुन्हा थोडं सरकवलं. आता तिचं डोकं बरोबर त्या माणसाच्या जागी आलं होतं. मागं फक्त त्याचा तराजू दिसत होता.

"आता काढा," ती म्हणाली.

यांनी फोटो काढला. तो फार चांगला आला. मुलगी सरळ कॅमेऱ्यात बघतेय, पापणीही हललेली नाही.

त्यानंतर यांनी पेंटरला सांगितलं, की आता ओळखीचे चेहरे नकोत. तो दुखावला. "फिर आदमी ही मत बनवाओ," म्हणाला, आणि पुढचे पडदे त्यानं पूस नदीचे, पळसाचे, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतांचे केले, माणसांविना. तेही लोकांना आवडले. स्टुडिओ चालला. बाजाराचा पडदा गुंडाळून माळ्यावर गेला. मी त्या दिवसानंतर तो उलगडून बघितला नाही.

ती बाई मला पुन्हा भेटली ती उन्हाळा सरताना, कासाराच्या दुकानात. मुलगी पहिल्यांदा माहेरी आली होती, तिच्यासाठी बाई बांगड्या घेत होती. तिच्या स्वतःच्या केसांत घुगऱ्या नव्हत्याच. लग्न नीट झालं का, असं मी विचारलं.

"झालं," ती म्हणाली. बांगड्या हातावर चढवून बघत होती. मग आपणहून म्हणाली, "तो आलता."

"कोण?"

"तोच. तांड्याबाहीर, झाडाखाली हुबा राह्यला. मी ताट पाठोलं. जेवला अन् गेला."

"कोणी ओळखलं नाही?"

"वळखलं ना. सगळ्यायनं वळखलं." तिनं कासारापुढे हिरव्या बांगड्यांचा जोड ठेवला. "कोनी काही बोललं नाही."

मी तशीच उभी राहिले. कासार मला काय दाखवू म्हणून विचारत होता, आणि मी काय घ्यायला आले होते ते मला आठवेना.