काउबॉयच्या मेळाव्यात कावळा

काउबॉयच्या मेळाव्याला जाताना गमबूट न्यावेत, रेनकोट न्यावा, पण सासूबाईंना नेऊ नये.

आमच्या मंडळाच्या अंकासाठी माझ्याकडून ‘इंग्लंडमधले काउबॉय मेळावे : हौशी प्रेक्षकांना मार्गदर्शन’ असा लेख मागितला होता (म्हणजे मी देतो म्हणालो, आणि कुणी नको म्हणालं नाही). त्यातलं खरं मार्गदर्शन वरच्या वाक्यात संपलं. आता ते वाक्य मला कसं सुचलं, ते सांगतो.

मला वेस्टर्न पिक्चरचं वेड पुण्यात कॉलेजात असताना लागलं. त्यातला हीरो दोन तासांत चार वाक्यं बोलतो, पाच माणसं मारतो आणि घोड्यावर बसून निघून जातो. मला हे फार थोर वाटायचं, कारण आमच्या घरात चार वाक्यांत कुणी पाणीसुद्धा मागत नसे. पुढे नोकरीनिमित्त स्लाऊला आलो आणि कळलं की माझ्यासारखे वेडे इंग्लंडमध्येही आहेत. रिटायर झालेले पोस्टमन, प्लंबर, बसड्रायव्हर शनिवार-रविवारी हॅट घालून एखाद्या शेतात जमतात. तंबूत जुने पिक्चर लावतात, प्लायवूडचं गाव उभं करतात, एकमेकांना गोळ्या घालतात आणि मग चहा पितात.

वॉटफर्डच्या पुढच्या असल्या एका मेळाव्याला मी तीन वर्षं नुसता प्रेक्षक म्हणून जात होतो. चौथ्या वर्षी तिथल्या शेरीफचा, म्हणजे केनचा फोन आला. हा केन एरवी बॉयलर दुरुस्त करतो.

“सुधीर, यंदा तुला मारायचं ठरलंय,” तो म्हणाला.

मला भरून आलं. गोळीबारात मरायचं, मग उघड्या शवपेटीत पडून राहायचं, आणि गावातून मिरवणूक काढून दफन होईपर्यंत पापणीही हलवायची नाही. जो हे नीट पार पाडेल त्याला क्लबात कायमचं घेतात. मागच्या वर्षीचा मेलेला शिंकला होता, त्याला पुन्हा कुणी बोलावलं नाही.

अडचण एकच होती. तो शनिवार पितृपक्षातला होता, आणि नेमकी त्या दिवशी अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची तिथी होती.

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. बोलणं बेताचं, आणि माझ्याशी तर तेही नाही. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात त्यांनी विचारलं होतं, “छंद काय?” मी उत्साहात काउबॉयचे पिक्चर म्हणालो. त्यांनी मान थोडी वाकडी करून माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि विषय कायमचा संपला. लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला बसलो तेव्हा मात्र त्यांनी आपल्या पानातली लिंबाची फोड उचलली आणि काही न बोलता माझ्या पानात टाकली. जावयावर एवढं प्रेम! मी विरघळलोच. रात्री मंजिरी, माझी बायको, म्हणाली, “त्यांना लिंबाचा वास सहन होत नाही. पण लिंबाशिवाय आई पान पुरं मानत नाही. तू यायच्या आधी ती फोड खिडकीतून बाहेर जायची.” पुढे अण्णा गेले तोवर, जेव्हा जेव्हा आम्ही शेजारी बसलो, तेव्हा जेवण सुरू करण्याआधी ती फोड माझ्या पानात आली. आमचा सासरा-जावई व्यवहार काय तो एवढाच.

त्या वर्षी सासूबाई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे होत्या. पुण्यात त्यांचा मुलगा श्राद्ध करणार होता, पण अण्णांचं पान इथेही वाढायचंच, असं त्यांनी ठरवलं. “मी इथे असताना ते तिकडे एकटे जेवतील होय?” आणि पानाला कावळा शिवल्याशिवाय त्या पाण्याचा थेंब घेणार नव्हत्या. वय बहात्तर.

मग मागच्या अंगणात रंगीत तालीम सुरू झाली. रोज सकाळी भाताची मूद ठेवायची आणि खिडकीतून बघायचं. पहिल्या दिवशी कबुतरं आली. मग सीगल आले. एकदा लांब शेपटीचा काळा-पांढरा पक्षी आला, तेव्हा मी म्हणालो, “आई, हा कावळ्याच्याच नात्यातला.”

“नात्यातले नकोत,” सासूबाई म्हणाल्या. “मला कावळा हवा.”

शेजाऱ्यांच्या मांजरीने भात खाल्ला त्या दिवशी त्यांचे डोळे भरून आले. “इतक्या लांब त्यांना वाट सापडत नसेल हो, सुधीरराव.” मला ते बघवेना. मी कॉम्प्युटरवर क्लबचे जुने फोटो दाखवले. प्लायवूडच्या चर्चवर कावळे ओळीने बसले होते. सासूबाईंनी चष्मा लावून ते नीट पाहिले आणि म्हणाल्या, “चला. किती वाजता निघायचं?”

त्या सकाळी धुकं असं पडलं की एम-ट्वेंटीफाइव्हवर पुढची गाडीही दिसेना. मागच्या सीटवर सासूबाई मांडीवर डबा घेऊन बसल्या होत्या. खीर, वडे, वरण-भात, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. गाडीत श्राद्धाच्या स्वयंपाकाचा वास दरवळत होता आणि माझ्या डोक्यावर काउबॉयची हॅट होती.

शेतात पोचलो तर गाव रिकामं. धुक्यातून एकेक दर्शनी भिंत पुढे येत होती. बँक, तुरुंग, सलून (म्हणजे दारूचा गुत्ता, न्हाव्याचं नव्हे). मागे काहीच नाही, नुसते टेकू. सलूनचं झुलतं दार वारा नसताना हलत होतं. तिथला नियम असा, की गोळीबार होईपर्यंत कुणी आपली भूमिका सोडायची नाही, आणि गोळीबाराआधी गाव घाबरलेलं असतं. त्यामुळे जी माणसं दिसत होती ती दारांआडून, न बोलता, आमच्याकडे बघत होती. मला हा नियम ठाऊक होता. आमच्या घरच्यांना नव्हता.

“सुधीर,” मंजिरीने माझी बाही धरली, “ही माणसं जिवंत आहेत ना?”

तेवढ्यात काळ्या कोटातला एक उंच म्हातारा आला. त्याने खिशातून टेप काढला, मला डोक्यापासून पायापर्यंत मापलं, खांद्यांची रुंदी घेतली, मान हलवली आणि धुक्यात परत गेला.

“शिंपी का हो?” सासूबाईंनी विचारलं.

“शिंपीच,” मी म्हणालो. खरं तर तो शवपेट्या करणारा होता, पण पितृपक्षात हे कसं सांगायचं? थोड्या वेळाने तो माझ्या मापाची उघडी पेटी खांद्यावर घेऊन समोरून गेला. सासूबाईंनी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी डबा छातीशी धरला आणि पुटपुटत स्तोत्र म्हणायला लागल्या.

पण कावळे होते. चर्चच्या कठड्यावर, फाशीच्या खांबावर, कुंपणावर. सगळे मोठे, मानेपर्यंत काळेकुट्ट.

“आपल्यासारखे राखाडी मानेचे नाहीत,” सासूबाई हळूच म्हणाल्या. “हे डोमकावळे आहेत.” एवढे कावळे, आणि एकाचाही आवाज नाही. मलासुद्धा काटा आला.

मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. समोरच्या धुक्यात केन आहे, एवढंच माहीत होतं. बार झाला. मी छाती धरली, गुडघ्यांवर आलो आणि चिखलात पडलो. मरण बरं जमलं होतं. माझी सहा वर्षांची मुलगी ईशा तिच्या इंग्लंडी मराठीत ओरडली, “आई, बाबा मेली?” आणि त्याच वेळी, मी समोर मरून पडलेला असताना, माझ्या सख्ख्या सासूबाईंचा आवाज आला, “अगंबाई, कावळे उडाले गं सगळे!”

मला पेटीत घालून हातगाडीवर ठेवलं. चाकं करकरत निघाली. डोळे मिटलेले, त्यामुळे मला फक्त ऐकू येत होतं. चिखलातली पावलं, कुठेतरी माउथ ऑर्गन, आणि गाडीबरोबर चालणाऱ्या सासूबाईंच्या बांगड्या. गाडी खोट्या दफनभूमीत थांबली. केनने टोपी काढून गंभीर आवाजात प्रार्थना वाचायला घेतली.

“मंजू, दक्षिण कुठे?” सासूबाईंनी विचारलं.

“आई, आत्ता नको.”

“बाराच्या आत व्हायला हवं. माझा घसा कोरडा पडलाय गं.”

त्या आवाजानेच मंजिरीचा विरोध संपला. दक्षिण नेमकी माझ्या डोक्याच्या बाजूला निघाली, आणि सगळ्या चिखलात कोरडी जागाही तेवढीच, पेटीतली. सासूबाई पुढे आल्या. काळ्या कोटवाल्याला वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग, त्याने अदबीने बाजूला होऊन वाट दिली. माझ्या कानाशी कागदी ताट ठेवल्याचा आवाज झाला. मग ओळीने वास आले. खीर, वडे, आणि शेवटी कापलेलं लिंबू.

बराच वेळ काही झालं नाही. मग पंखांचा एक जड आवाज आला आणि पेटीच्या कडेवर नखं वाजली.

मी पापण्या केसभर किलकिल्या केल्या. कावळा माझ्या छातीच्या वर, कडेवर बसला होता. एकटाच. ताटाकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. मान थोडी वाकडी करून, छंद सांगितल्यावर अण्णांनी बघितलं होतं तसंच.

केनची प्रार्थना अडखळली.

“अहो,” सासूबाई कावळ्याला म्हणाल्या, “जेवा ना. मी गोळ्या वेळेवर घेईन. काळजी करू नका.”

कावळा हलला नाही.

“अण्णा, आईला मी काही कमी पडू देणार नाही,” मंजिरी म्हणाली.

कावळा हलला नाही.

“आजोबा, मी मराठी शाळेला जाते प्रॉमिस,” ईशा म्हणाली. तरी नाही.

“सुधीर,” मंजिरी कानाशी कुजबुजली, “तू कबूल कर काहीतरी. तुझ्याकडेच बघताहेत ते.”

“मी मेलोय,” मी दातांमधून म्हणालो.

“आईचा चेहरा बघ एकदा!”

मी पाहिला. ओठ सुकलेले, हात जोडलेले, आणि त्या अशा उभ्या होत्या, जणू नवरा भरल्या पानावरून उठून चाललाय. क्लब गेला खड्ड्यात, असं मला मनापासून वाटलं. मी ओठ न हलवता बोलायला लागलो. “अण्णा, ही हॅट घालून मी बाहेर जाणार नाही. काउबॉयचे पिक्चर बंद. सगळं बंद. तुम्ही जेवा.”

कावळ्याने ऐकून घेतलं. मग तो कडेवरून चालत ताटापाशी गेला. खीर ओलांडली, वडे ओलांडले. चोचीत लिंबाची फोड उचलली, तशीच धरून परत आला, आणि ती माझ्या छातीवर टाकली.

मग गेला आणि वडा खायला लागला.

मंजिरीने पेटीची कड घट्ट धरली. तिने हे दृश्य माझ्या शेजारी बसून किती वेळा पाहिलं होतं! फक्त सासूबाई शांत होत्या. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, “बसले जेवायला.”

मी हललो नाही, शिंकलो नाही, पण डोळ्यांतून पाणी वाहत कानात गेलं. लिंबाचा रस उडाला, असं मी सगळ्यांना सांगतो. फोड छातीवर होती आणि पाणी डोळ्यांतून आलं, हे अजून कुणी मला विचारलेलं नाही.

दफन झाल्यावर (म्हणजे गाडी तंबूमागे नेल्यावर) केन आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. “सुधीर, अशी मयत मी जन्मात पाहिली नाही. दोन बायका रडत बाहेर गेल्या. पण क्लबात तुला नाही घेता येणार. मेलेला माणूस रडत नाही.” जरा थांबून त्याने विचारलं, “तो पक्षी मात्र पुढच्या वर्षी येईल का?”

मी सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्यांनी विचार केला.

“त्यांना म्हणावं, तिथी असेल तर येतील.”

गाडीत बसल्यावर त्या आधी ग्लासभर पाणी प्यायल्या, मग सगळ्यांची पानं वाढली. माझ्या पानात सगळं होतं, एक सोडून.

“आई, लिंबू?”

“तुमची फोड तुम्हाला मिळाली ना मघाशी?”

मिळाली होती. उठताना मी ती नकळत कोटाच्या खिशात टाकली होती. काढली, पुसली आणि वरण-भातावर पिळली.

“शी, सुधीर!” मंजिरी ओरडली. “कावळ्याची उष्टी आहे ती!”

“मग?” मी भात कालवत म्हणालो. “इतकी वर्षं कुणी टाकलेली खात होतो?”